पायरीवरचं ताट

नागभीडच्या अलीकडे, तलावाच्या पाळीखाली ढिवर मोहल्ला आहे, मासे धरून पोट भरणाऱ्यांचा. त्यातलं शेवटचं घर सुरेंद्रचं. घर कसलं, थोरला भाऊ मनसाराम याच्या घराला लागून काढलेली एक खोली, मध्ये कुडाची भिंत. सुरेंद्रचं वय पस्तिशीचं, लग्न नाही. बुडी मारण्यात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नव्हता आणि नेमकी हीच बुडी त्याच्या मुळावर आली होती. तलावात, नदीत, विहिरीत कोणी बुडालं की पोलिसांची गाडी सरळ त्याच्या दारात. तो खाली जायचा, चिखलात पायांनी चाचपायचा आणि माणूस वर आणायचा. वर आणलेला माणूस कधीच जिवंत नसायचा.

त्या दिवशी लोक हात जोडायचे. दुसऱ्या दिवशी तो पानठेल्याच्या बाकावर बसला की शेजारचा चुना मागायला म्हणून उठायचा आणि परत यायचा नाही. दोन-तीन ठिकाणी मुलगी पाहायला गेला, तर त्याची कीर्ती तिथे आधीच पोचलेली. लोक वाईट होते असं नाही. पण चांगले होते असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

घरची एक रीत होती, आई होती तेव्हापासूनची. प्रेत काढून आला की बाहेरच बादली, कडुनिंबाचा पाला, अंघोळ, आणि तीन दिवस जेवणाचं ताट थोरल्याच्या दाराबाहेरच्या पायरीवर. पुढे पावसाळ्यात बोलावणी एकामागे एक येऊ लागली. पहिले तीन दिवस सरत नाहीत तोच दुसरे लागायचे, आणि एकदा बाहेर गेलेलं ताट पुन्हा आत आलंच नाही. आई गेली, रीत राहिली. वहिनी गोकुळा ती न चुकता पाळायची. झिंगे घातलेलं वांगं त्याच्या आवडीचं म्हणून आठवणीनं करायची, झाकण ठेवायची आणि दार लावून घ्यायची.

दोन हजार सहा-सातच्या सुमारास मोहल्ल्यात केबल आली. सुरेंद्रनं जुना रंगीत टीव्ही घेतला. एका रविवारी संध्याकाळी चॅनेल बदलता बदलता एक जपानी कार्टून लागलं, हिंदीत बोलणारं. पोरांचं म्हणून तो पुढे जाणार, तेवढ्यात पडद्यावर काळी नदी दिसली. इसाओ नावाचा एक वाळकुडा पोरगा तिच्यात उतरून, राक्षसांनी तळाशी ओढून नेलेली माणसं काढून आणत होता. माणूस मिळाला की गाव जल्लोष करायचं. इसाओ घरी यायचा, तर दार बंद. नदीचं सावट घरात येईल म्हणून त्याची आईच ते लावून घ्यायची. मग तो बाहेर बसून स्वतःचे हात हुंगायचा.

सुरेंद्र उठून बसला. हात तर तोही हुंगायचा. राखेनं घासले, साबणानं घासले, तरी हुंगायचा. हे त्यानं जन्मात कुणाला सांगितलं नव्हतं. मग तिकडे जपानात बसून चित्रं काढणाऱ्याला ते कसं कळलं?

त्यानंतर त्याचा रविवार चुकला नाही. लढाया सुरू झाल्या की त्याला कंटाळा यायचा. पण इसाओ शूर नव्हता, हे त्याला फार आवडायचं. तो चिडायचा, कुरकुरायचा. एकदा तर वाचवलेल्या माणसालाच त्यानं शिव्या घातल्या, की तुझ्यापायी आज पुन्हा बाहेर झोपावं लागणार. त्यावर सुरेंद्र एकटाच मोठ्यानं हसला आणि हसता हसता त्याला रडू आलं. ‘एवढा मोठा माणूस कार्टून पाह्यते म्हणे’ अशी पानठेल्यावर थट्टा झाली, तीही त्यानं मुकाट गिळली. त्याला एकच पाहायचं होतं: शेवटी आई दार उघडते की नाही. तिनं उघडलं तर आपलंही काहीतरी होईल, असं त्याला उगाचच वाटू लागलं होतं.

शेवटचा भाग दिवाळीनंतरच्या रविवारी होता. नशीब असं की लोडशेडिंगही नव्हतं. टीव्ही लावून तो बसला आणि दारात शिपाई उभा राहिला.

“सुरेंद्र भाऊ, चला. शिंगाडे काढाले गेलेला माणूस डोंग्यातून पडला. दुपारपासून सापडून नाई राह्यला.”

“अर्धा तास थांबता काय?”

शिपायानं टीव्हीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. “त्याची बायको पाळीवर बसून आहे, भाऊ.”

सुरेंद्र उठला. टीव्ही बंद करायचंही त्याला सुचलं नाही.

परत आला तेव्हा अंधार पडला होता. बादली होती, पाला होता. त्यानं अंघोळ उरकली. गोकुळा आपल्या दारात उभी होती, डोळे सुजलेले.

“भाऊजी, तुमचं ते कार्टून मी पाह्यलं. टीव्ही चालूच होता. दर रविवारी भिंतीतून आयकू येते, तं म्हटलं तुमच्यासाठी पाहून ठेवावं.”

सुरेंद्र अंग पुसता पुसता थांबला. “मंग? उघडलं काय दार?”

“नाई उघडलं!” गोकुळा भडकलीच. “पोरगं बाहेर थंडीत कुडकुडून राह्यलं, अन् मायनं काय केलं? उंबऱ्याबाहेर जेवण ठेवलं अन् दार लावून घेतलं. संपलं! अशी कशी माय असते हो? तो का हौसेनं उतरला होता नदीत? मले तं लय राग आला.”

सुरेंद्र खाली पाहत होता. तो कुठे पाहतोय म्हणून तिनंही पाहिलं. पायरीवर ताट होतं, नीट झाकलेलं. डोळे पुसून तिनंच ते थोड्या वेळापूर्वी तिथे ठेवलं होतं.

सुरेंद्रला तिचा राग आला नाही. उलट तिची अशी फजिती झाली याचंच त्याला वाईट वाटलं.

तिनं वाकून ताट उचललं आणि दार सताड उघडलं. “आत या, भाऊजी.”

आत मनसाराम जेवत होता, त्याचा घास हातातच राहिला. सुरेंद्रनं एक पाय पायरीवर ठेवला. हा उंबरठा त्यानं मनात कितीदा ओलांडला होता. आता मात्र दुसरा पाय उचलेना.

“इथीच द्या, वहिनी,” तो म्हणाला. “मले आता आत जेवाची सवय नाई राह्यली.”

गोकुळानं ताट पायरीवर ठेवलं नाही, त्याच्या हातात दिलं. आणि दार उघडं ठेवून त्याचं जेवण होईपर्यंत तिथेच उभी राहिली. सुरेंद्र त्या दिवशी मुद्दाम हळूहळू जेवला.