ऑरिनची बोटं

ऑरिन टोलेफसनचं आयुष्य गव्हाच्या कोठारावर वजनं करण्यात गेलं, पण आमच्या मोंटानातल्या गावात त्याला मान होता तो त्याच्या बोटांमुळे. उडवलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी पुन्हा दारू-गोळी भरून वापरायची, तर आधी ती ऑरिनला दाखवायची, हा आमचा रिवाज. टोक वाकवलेली बारीक तार तो पुंगळीत सोडायचा आणि आतली भिंत बुडापासून खरवडत यायचा. दर वेळी गोळी उडाली की पितळ ताणलं जातं, बुडाजवळ आतून झिजतं, बाहेरून मात्र लखलखीत दिसतं. झिजलेल्या जागी तार अडखळते. अडखळली की ऑरिन म्हणायचा, "मेली!" आणि पुंगळी डब्यात भिरकावायचा. बायको गेल्यावर त्याच्या घरी कुणी यायचं ते पुंगळ्या घेऊनच.

मी शाळेत स्वयंपाक करते. नवरा रायफल टाकून पळाला, तेवढीच त्याची कमाई. हिवाळ्यासाठी फ्रीजरमध्ये एक हरीण हवंच, आणि त्या वर्षी दुकानात काडतुसं मिळेनात. म्हणून नेमबाजीच्या मैदानावर पडलेल्या पुंगळ्या वेचून मी ऑरिनकडे शिकायला गेले.

"किती वेळा उडवल्यात या?" त्याने विचारलं.

"मला काय माहीत? वेचल्यात."

"वेचलेली पुंगळी म्हणजे दुसरेपणाचा नवरा. आधी किती झिजलाय ते सांगत नाही. तुला अनुभव आहेच म्हणा."

मी खो खो हसले. त्याने तीस पुंगळ्यांतून तार फिरवली आणि तीसदा मान डोलावली. "मेली" एकदाही नाही. वेचलेल्या मालात एकही मेलेली नाही? तेव्हाच मला कळायला हवं होतं.

खोटं कशाला बोलू, कळलं होतं. त्याच्या दोन महिने आधी चर्चच्या जेवणात त्याने भट्टीतला ट्रे उघड्या हातांनी उचलला आणि शांतपणे टेबलावर ठेवला. बोटांची सालं निघाली, त्याला पत्ता नाही. मधुमेहाने बोटं बधिर झाली होती. मी पाहतेय हे लक्षात येताच त्याने हात खिशात घातले. मी गप्प बसले. म्हाताऱ्याची उरलीसुरली पत कशाला घालवा?

भरलेली काडतुसं मी मैदानावर उडवून पाहिली. नववी गोळी झाडताना पुंगळी बुडाजवळ तुटली आणि पेटता धूर मागे उसळला. चष्मा घातला नव्हता, तो माझा गाढवपणा. उजवा डोळा गेला.

पंधरा दिवसांनी ऑरिन घरी आला. त्याच्याकडे राहिलेल्या माझ्या रिकाम्या पुंगळ्या आणि तार त्याने टेबलावर ठेवली.

"तूच बघ. अडखळते का सांग."

पहिल्याच पुंगळीत तार अडखळली, फाटकं नख लोकरीत अडकावं तशी. मी त्याच्याकडे पाहिलं. ओठ थरथरत होते त्याचे. मला बघवेना.

"नाही," मी म्हणाले. "गुळगुळीत आहे. माझ्याकडूनच दारू जास्त पडली असेल."

त्याने एवढा मोठा श्वास सोडला. "तरी मी म्हणत होतो! शिकाऊ हात, दुसरं काय. बरं, निघतो. वेंडेलच्या निम्म्या पुंगळ्या तपासायच्या राहिल्यात. शनिवारी लेकीला घेऊन शिकारीला जायचाय तो."

मी त्याचं मनगट धरलं.

"ऑरिन, थांबा. खोटं बोलले मी. अडखळते. चांगलीच अडखळते."

तो ओरडेल असं वाटलं होतं. त्याने टेबलावरची तार उचलून खिशात घातली.

"चर्चमध्ये पाहिलं होतंस ना तू?"

"हो."

"मग तुझ्या पुंगळ्या माझ्यापुढे का ठेवल्यास?"

"तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून," मी म्हणाले, आणि माझीच मला शरम वाटली.

"आणि मी समजलो, ही पाहूनसुद्धा पुंगळ्या घेऊन आली, म्हणजे अजून चालतंय."

टोपी घालता घालता तो थांबला.

"वेंडेलला फोन लाव. निम्म्या त्याने कालच नेल्यात."