ब्लूबर्डच्या पेटीतली चिमणी

चिमणीवर मी सूड उगवला, हे आधीच सांगून टाकतो.

रिटायर झाल्यावर अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलच्या घरामागे मी ब्लूबर्डसाठी लाकडी पेटी लावली. हा इथला पक्षी जुन्या झाडांच्या ढोलीत राहणारा, आणि ती झाडं आमच्या टाउनहाउसेसनी खाल्ली. एप्रिलमध्ये जोडी आली, चार पिल्लं झाली. एका सकाळी पेटी उघडली, तर पिल्लांची डोकी फोडलेली, मादीही मेलेली, आणि तिच्या अंगावरच चिमण्यांनी गवत रचायला घेतलेलं. हो, आपलीच चिऊताई. इथे ती बाहेरून आणून सोडलेली.

माझं डोकंच फिरलं. त्यानंतर दर शनिवारी मी चिमणीची अंडी काढून कचऱ्यात टाकायचो. ती पुन्हा घालायची, मी पुन्हा काढायचो. बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू?

शेजारी पुण्याची एक आयटीतली मुलगी राहते, प्राण्यांपायी दूधसुद्धा सोडलेली. तिने कुंपणापलीकडून पाहिलं.

"काका, किती क्रुएल आहे हे!"

"अगं, ब्लूबर्डला जागा उरली नाही. एक चिमणी गेली म्हणून चिमण्या संपत नाहीत."

"पण त्या चिमणीचं सगळं संपतं ना!"

पुढे मराठी मंडळाच्या पॉटलकला, घरोघरून आणलेल्या जेवणाच्या रांगेत, तिने सगळ्यांसमोर ऐकवलं, "काका जात बघतात, मी जीव बघते."

ती पक्ष्यांच्या जातीबद्दल बोलत होती, पण तो शब्द ऐकताच माना वळल्या. मी घाईघाईने खुलासा करायला गेलो, "अहो, बाहेरून आलेल्यांना हुसकावलंच पाहिजे!" व्हिसाच्या काळजीतली अर्धी रांग माझ्याकडे बघत राहिली. असा संताप झाला म्हणता!

तो सगळा मी चिमणीवर काढला. मधले दोन शनिवार पेटी उघडायची राहिली होती; त्या शनिवारी आत अंडी नव्हती, पिल्लं होती, उघडी, गुलाबी. शेजारच्या मुलीचे शब्द आठवले, तरी हात मागे घेतला नाही. तिलाही धडा मिळू दे म्हटलं. ब्लूबर्ड मात्र परत आला नाही.

त्याच दुपारी माझ्या तीन वर्षांच्या नातीला वरणभात भरवायला बसलो. "हा घास काऊचा, हा घास..."

"चिऊचा!" म्हणत तिने खिडकीतून पेटीकडे बोट दाखवलं. "आजोबा, व्हेअर इज चिऊ?"

मी घास पुढे केला. तिने तोंड उघडलं नाही.