निपाणीला पोचलेलं अर्धं वाक्य

समुपदेशन शिकणाऱ्या मुलामुलींपुढे बोलायला मला कोणी बोलावणार नाही. बोलावलंच तर मी फार गोड बोलेन असंही नाही. पण चांगलं ऐकणं म्हणजे काय आणि माणसाची परवानगी नेमकी कशाची घ्यायची असते, हे एका शिकाऊ मुलीने मला माझंच घर मोडून शिकवलं. ते सांगितल्याशिवाय माझा राग उतरायचा नाही. सांगूनही उतरेल असं वाटत नाही.

माझं माहेर सदलगा, सासर हिंडलगा. बेळगावातल्या एका मराठी शाळेत मी शिकवते. सासूबाईंना घरात सगळे आत्या म्हणायचे, मीही म्हणायची. त्यांच्या अंगावरून वारं गेलं आणि डावी बाजू लुळी पडली. बोलणं शाबूत होतं, जरा जड यायचं इतकंच. सकाळी त्यांचं अंग पुसायचं, कपडे बदलायचे, मऊ भात भरवायचा आणि मग शाळा गाठायची. दुपारी शेजारची बाई बघायची. मी आले की पुन्हा तेच. नवरा मदत करायचा, म्हणजे डॉक्टरला फोन करायचा. नणंद निपाणीला दिलेली. ती सणाला यायची, आईजवळ बसून रडायची आणि संध्याकाळच्या बसने परत जायची.

आत्यांचं आणि माझं मात्र छान जमायचं. लग्नानंतर मला बी.एड.ला त्यांनीच पाठवलं, माझी तान्ही मुलगी मांडीवर घेऊन. भरवताना आम्ही दोघी गावभरच्या चुगल्या करायचो. हसताना त्यांच्या तोंडाच्या डाव्या कडेने भात बाहेर यायचा आणि त्यावरून आम्हाला आणखी हसू यायचं. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे जे झालं त्यात कुणी हे हिशेबातच धरलं नाही.

एकदा वर्गात पाढे म्हणून घेत असताना मला रडू फुटलं आणि काही केल्या आवरेना. पोरं घाबरून ऑफिसकडे धावली. मुख्याध्यापिकाबाईंनी बाजूला घेऊन एका समुपदेशन केंद्राचा पत्ता दिला. तिथे हे शिक्षण घेणाऱ्या मुली बसायच्या आणि त्यांच्यावर एक मॅडम होत्या.

माझ्या वाट्याला आलेली मुलगी पंचविशीची, हसतमुख, आपल्याच भागातली. तिने आधी एक कानडीत छापलेला कागद पुढे केला. मला कानडी वाचता येतं, पण तिने वाचायला वेळच दिला नाही. "हितलं हितंच ऱ्हातंय वो बाई, काय काळजी करू नका. खाली सही करा," म्हणाली. बँकेत करतो तशी मी सही केली.

ऐकायला मात्र तिला शिकवलेलं होतं. पुढे वाकून बसली होती, नजर हलवत नव्हती, मध्येच माझंच बोलणं तिच्या शब्दांत मला परत सांगत होती. इतकं लक्ष देऊन माझं कुणी ऐकलं त्याला किती वर्षं झाली असतील देव जाणे. मी सैल पडले. म्हणाले, "कधी कधी मला वाटतं, आत्या आता सुटल्या तर बरं." आणि पदराने डोळे पुसायला लागले.

वाक्य तिथे संपलं नव्हतं. पुढचं असं होतं, की त्या सुटल्या तर या घरात माझ्याशी बोलायला कोण उरणार. ते तोंडातून निघायला मला थोडा वेळ हवा होता, बस्स. तो वेळ तिला झेपला नाही. समोरचं माणूस रडताना नुसतं गप्प बसून राहणं तिला कुणी शिकवलं नसावं. मग आपल्याकडे अवघडलेलं माणूस जे करतं तेच तिने केलं. विचारलं, "तुमचं म्हायेर कुठलं वो?"

आमच्या भागात हा प्रश्न विचारला की सुटका नाही. कागलपासून खानापुरापर्यंत कुणाचं कोण निघेल सांगता येत नाही आणि निघेपर्यंत विचारणारा थांबत नाही. सदलगा. सदलग्यात कुणापैकी? नणंद कुठं दिल्या? दोन-चार प्रश्नांत तिचा चेहरा उजळला. "अगं बया! निपाणीच्या मावशी तुमच्या नणंद? माझ्या सख्ख्या मावशीच्या जाऊबाई की त्या! मग तुम्ही मामीच लागला माझ्या!"

तिला वाटलं, आता आपण जवळच्या झालो. जवळचं कुणी नको म्हणून तर मी दोन बस बदलून तिथे गेले होते. परक्या मुलीला सांगता येत होतं, पावण्यांतल्या, म्हणजे नात्यातल्या मुलीला कसं सांगणार? माझं उरलेलं वाक्य मी गिळलं. तिच्या मावशीची तब्येत विचारली आणि निघाले.

तिने निपाणीला फोन केला. वाईट बुद्धीने नाही, हे मला मान्य आहे. घरच्यांनी हातभार लावावा, मामी एकट्या पडल्यात, असं तिला वाटलं. फक्त "सांगू का?" एवढं मला विचारावंसं तिला वाटलं नाही. नात्यात काय विचारायचं!

रविवारी नणंद आली. चपला काढायच्या आत उंबऱ्यातूनच तिने आवाज चढवला. "आई, ऐकलीस का? तुझी सून बेळगावात जाऊन परक्यांस्नी सांगत्या, सासू मेली तर बरं हुईल म्हणून!" माझ्या हातात आत्यांचा भाताचा चमचा होता. आत्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि तोंड मिटून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याजवळ बसले. म्हटलं, "आत्या, त्ये अर्धंच हाय वो. मी पुढं बोलणार हुते."

"असू दे गं," त्या म्हणाल्या. "खरंच हाय की. मला काय कळत न्हाय व्हय?"

शिव्या दिल्या असत्या तर मी भांडले असते, पाय धरले असते. पण त्या रागावल्याच नव्हत्या. त्यांनी ते मनापासून मानलं होतं आणि आता त्या मला त्रास कमी करायला निघाल्या होत्या. निम्मा भात झाला की "पुरं" म्हणायच्या. मी शेजारपाजारचं काही सांगायला लागले की "जा बाई, शाळंला उशीर हुतोय" म्हणायच्या. पाणीसुद्धा कमी प्यायच्या, म्हणजे मला कमी उठावं लागेल. मी पुन्हा पुन्हा समजावलं. त्या माझ्या गालावरून हात फिरवायच्या आणि त्यांना एक अक्षर पटायचं नाही.

मी केंद्रात जाऊन मॅडमपुढे उभी राहिले. त्यांनी कपाटातून माझा कागद काढला आणि खालच्या एका ओळीवर बोट ठेवलं. गरज वाटल्यास कुटुंबीयांशी बोलण्यास माझी संमती आहे, असं तिथे छापलं होतं. मी म्हटलं, "कुणाशी, काय, कशासाठी, हे मला त्या दिवशी विचारलं असतं तर मी नाही म्हणाले असते." त्या म्हणाल्या, "तिचा हेतू चांगला होता हो. शिकतेय अजून." शिकतेय हे मलाही दिसत होतं. पण ती शिकत होती ते आमच्या घरावर.

आत्या गणपतीच्या आधी गेल्या. वय झालं होतं, दुखणं मोठं होतं, सुटल्या बिचाऱ्या, असं येणारा प्रत्येकजण म्हणाला. हा शब्द ऐकला की मला जोरात ओरडावंसं वाटायचं. खरोखरच सुटावं असं त्यांना वाटत असताना त्या गेल्या, की मला सोडवायला म्हणून गेल्या, हे मला कधीच कळणार नाही.

सांत्वनाला निपाणीचे सगळे आले. पावण्यांच्या गाडीतून ती मुलगीही आली. बायकांमधून वाट काढत माझ्याजवळ येऊन बसली, पुढे वाकली, माझा हात हातात घेतला. डोळ्यांत खरं पाणी होतं तिच्या. "मामी, मनात काय ठेवू नका. माझ्यापाशी बोला." सगळी खोली ऐकायला वळली, नणंदसुद्धा.

मी हात सोडवून घेतला. म्हटलं, "तुला सांगितल्यालं आत्यांपर्यंत बरोबर पोचलं, बाई. आता त्यांस्नी सांगायचं निम्मं माझ्यापाशी ऱ्हायलंय. तेवढं पोचवतीस काय?"

मी उठून चहाचं बघायला आत गेले.