शालीची नक्षी

आईच्या हिमरू शालीला डांबरगोळ्यांचा वास आला, की तिचा मोबाइल आठवतो. दुपारची भांडी आवरली की ती पलंगावर बसून सारख्या चित्रांच्या जोड्या जुळवण्याचा एकच गेम खेळायची. कितीतरी वर्षं चाललेल्या त्या गेमसाठी नवी चित्रं काढायचं काम आमच्या ऑफिसात नेमकं माझ्याकडं आलं, तेव्हा मी तिच्याच शालीची नक्षी फिक्या, नाजूक रंगांत उतरवली. जुन्या चित्रांच्या जागी नवी चित्रं गेममध्ये आली त्या दिवशी मी चिकलठाण्याच्या ऑफिसातून लवकर निघाले आणि "तुझ्या शालीची नक्षी बघ," म्हणत तिच्या हातात मोबाइल दिला. तिनं तो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, खिडकीकडं वळवला. "माझी शालच हाय की ही. लई छान काढलीस," म्हणाली. मी खूश. पुढं मात्र दुपारी ती नुसती पडून राहायला लागली. विचारलं तर, "कंटाळा आला बाई त्या गेमचा." काचबिंदूनं अधू झालेल्या तिच्या डोळ्यांना जुनी भडक लाल-पिवळी चित्रंच तेवढी ओळखू येत होती, हे मला फार उशिरा कळलं. आता शालीची घडी घालताना वाटतं, कळायला उशीर कसा झाला, तिच्या डोळ्यांत रोज औषधाचे थेंब तर मीच घालत होते.