इंदूरची छोटी रेल

इंदूरच्या बागेत मुलांना बसवायची छोटी रेल होती. ती बघायला जायचं, हे आमच्या देवासच्या घरात वर्षभर नुसतं ठरतच होतं. ह्यांच्या कारखान्याची सुट्टी गुरुवारी, मुलांच्या शाळेची रविवारी. त्यात कधी ताप, कधी पाहुणे. शेवटी दिवाळीच्या सुट्टीतला एक गुरुवार सापडला. मी पहाटे उठून पुऱ्या तळल्या, बटाट्याची भाजी केली, सगळ्यांची आवराआवर केली.

निघताना सासूबाई म्हणाल्या, "आधी टेकडीवर जाऊन या. देवीला न सांगता गावाबाहेर जायचं नाही."

देवीला सगळं आधीच ठाऊक असतं, असं ओठांवर आलं होतं, गिळलं. मुलं टेकडी पळत चढली, वरच्या दोघी बहिणी-देवींपैकी आधी थोरलीला नमस्कार, मग धाकटीला, आणि पळतच खाली. "रेल कब आएगी?" करत बसमध्ये शिरली आणि बस सुटायच्या आत दोघंही झोपली.

बागेत पोचलो तरी जागी होईनात. हलवलं, तोंडावर पाणी मारलं, लाडू दाखवला. तिकिटं तर काढलेली. मग एकेक मूल खांद्यावर टाकून आम्हीच त्या इवल्याशा डब्यात गुडघे आवळून बसलो. पहाटेपासून मी निवांत टेकले ती तिथे. वारा लागत होता. कोणी काही मागत नव्हतं.

फेरी संपली. हे म्हणाले, "उतरायचं ना?"

मी म्हटलं, "अजून तिकिटं काढा."