गाठ बसली पाह्यजे

“गाठ बसली पाह्यजे, बाकी राहू द्या,” असं म्हणत ती उजवा हात माझ्या कॅमेऱ्यापुढे ठेवायची.

अमरावतीच्या एका त्वचेच्या दवाखान्यात मी रुग्णांचे उपचाराआधीचे आणि नंतरचे फोटो काढतो. मोहरीएवढ्या डागानं आयुष्य उद्ध्वस्त झालेली माणसं आमच्याकडे येतात. त्यांच्यासाठी थंडगार खोली आणि मंद संगीत असतं. अकोल्याच्या जुन्या शहरातली ही हारवाली एसटीनं येऊन तिथं बसली, तेव्हा शेजारच्या बाईंनी पर्स उचलून मांडीवर घेतली. भाजल्याचे वण संसर्गजन्य असतात, हे मला तेव्हा कळलं.

भाच्याच्या लग्नात भज्यांची कढई तिच्या हातावर कलंडली होती. जखम भरली, पण अंगठ्यापासून मनगटापर्यंत दोरीसारखा जाड वण उठला. अंगठा बोटाला टेकेना, आणि त्याशिवाय फुलांच्या हाराला गाठ मारता येत नाही. हार आता सून बांधायची. “तिचा हार देवाच्या गयात जाईपर्यंत निम्मा होते,” ही सांगायची. स्वतःच्याच दुकानात तिला फुलांवर पाणी शिंपडण्याचं काम उरलं होतं.

लेझरनं वण चपटा होईल, मऊ होईल, पुसला मात्र जाणार नाही, असं डॉक्टरबाईंनी सांगितलं. शिवाय उन्हात जायचं नाही. मे महिन्यात, अकोल्यात! डॉक्टरबाई पुण्याच्या, त्यांना सगळं माफ.

पहिल्या खेपेनंतर त्यांनी मलम दिलं आणि जागा कोरडी पडू देऊ नका म्हणाल्या. आठवड्यानं ही हाताला ओलं पोतं गुंडाळून हजर! आतली कातडी चिघळलेली.

“मलम कुठाय?” डॉक्टरबाई कडाडल्या.

“घरी हाय. चाळीस वर्स झाले, फुलं वल्या पोत्यातच ताजी ठेवून राह्यली मी. हात काय फुलाहून नाजूक हाय?”

पुढची खेप दोन महिने लांबली. जाताना माझ्याजवळ थांबून ती हळूच म्हणाली, “भाऊ, माह्या हातानं माह्या हाताचं वाटोळं केलं का वो मी?” त्या दिवशी मी कॅमेऱ्याची काच पुसत बसलो.

चौथ्या खेपेनंतरच्या फोटोला ती पदरात शेवंती आणि दोरा घेऊन आली.

“हात स्थिर ठेवा, मावशी.”

“थांबा ना भाऊ, काहून घाई करून राह्यले?”

अंगठा बोटाला टेकला. गाठ बसली. दुसरी बसली. मग ती थांबेचना, आणि माझे डोळे भरून आले. मी तसाच फोटो काढला.

अजून दोन खेपा बाकी आहेत, डॉक्टरबाईंनी बजावलं.

“चट्टा राहू द्या बाई. मले काय हाताचं लगन लावाचं हाय?” असं म्हणून गेली, ती पुन्हा आलीच नाही.

दवाखान्याच्या भिंतीवर लावायला तिचा फोटो डॉक्टरबाईंनी नाकारला. हात हलला आहे, वण नीट दिसत नाही म्हणाल्या. तिथं आता एक गोरा गाल लटकतो आहे. तिचा फोटो माझ्या फोनमध्ये आहे. त्यात खरंच फारसं काही दिसत नाही. पिवळी शेवंती दिसते, आणि थांबायला तयार नसलेला एक हात.