सोळाशे मजले

आमच्या इमारतीला नऊ मजले आणि लिफ्ट एकच. त्या लिफ्टची देखभाल करणारे मास्तर एका सोमवारी सकाळी पाठीवर भलीमोठी सॅक घेऊन जिना चढताना दिसले, आणि लिफ्ट बिघडली असं अर्ध्या तासात सगळ्या इमारतीने ठरवून टाकलं. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी दवाखान्यात जाणं रद्द केलं. सातव्या मजल्यावरचे नवरा-बायको पिशव्या सावरत मास्तरांच्या मागोमाग चढले. दाराशी पोचल्यावर नवऱ्याने धापा टाकत विचारलं, "मास्तर, कधी सुरू होणार?"

"काय?"

"लिफ्ट."

"ती चालूच आहे की. मी आपला माझा चढतोय."

त्या दोघांनी पुढे आठवडाभर मास्तरांशी अबोला धरला.

मास्तर म्हणजे पंचावन्न-छप्पन्नचा सडपातळ माणूस. अंगात कंपनीचा निळा शर्ट, खिशाला छोटी टॉर्च, नखांत कायमचं ग्रीस. तीस वर्षं लोकांना वरच्या मजल्यांवर पोचवलं आणि स्वतः राहिले मागच्या गल्लीत, तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत. बोलणं बेताचं. जे काही बोलायचं ते लिफ्टशी. मशीनचं झाकण उघडून "हं, आज काय दुखतंय?" असं विचारताना मी त्यांना ऐकलंय.

आमच्या लिफ्टच्या आत एक कार्ड लावलेलं आहे. महिन्याची तपासणी झाली की त्यावर तारीख पडते आणि शेजारी मास्तरांची सही. गेल्या वर्षी त्यांना लिफ्टच्या पोलादी दोरातल्या काही तारा तुटलेल्या दिसल्या. त्यांनी लिफ्ट बंद केली आणि नवा दोर येईपर्यंत तीन दिवस बंदच ठेवली. आमचे सेक्रेटरी आठव्या मजल्यावर राहतात. पहिल्या दिवशी ते समजावत आले, दुसऱ्या दिवशी ओरडत आले, तिसऱ्या दिवशी त्यांच्यात ओरडण्याइतका दम उरला नव्हता. "अहो, काल-परवापर्यंत चालतच होती ना? करा सही आणि करा सुरू," ते जिन्यात बसून म्हणाले. मास्तर एवढंच बोलले, "कार्डावर सही माझी असते, साहेब."

तर असा हा माणूस डोंगर चढायला निघाला होता. खराखुरा, बर्फाचा, सोळा हजार फुटांवरच्या खिंडीचा. मास्तर ज्या दहा-बारा इमारती सांभाळत, त्यांतल्या एका कचेरीत लिफ्टसमोरच्या भिंतीवर त्या खिंडीचा फोटो होता. सहा वर्षं ते दर महिन्याला पाना हातात घेऊन तो बघत होते. एकदा त्यांनी तिथल्या बाईंना विचारलं, हे कुठलं? बाई म्हणाल्या, "आमच्याकडची माणसं जाऊन आली ना. तुम्हीसुद्धा जाल काका, एकदम फिट आहात." त्या बाई बोलून विसरल्या असतील. मास्तरांच्या मात्र ते डोक्यात जाऊन बसलं.

मग वही आली. कुठल्या दिवशी किती उंची, कुठे मुक्काम, पाणी किती प्यायचं, सगळं लिफ्टच्या वेळापत्रकासारखं आखलेलं. फुटांचा त्यांना अंदाज येईना म्हणून त्यांनी दहा फुटांचा एक मजला धरला. शेवटच्या पानावर लिहिलं होतं : सोळाशे मजले. आणि खाली कंसात : लिफ्ट नाही.

घरात नवे बूट घालून वावरणं सुरू झालं. ते पायाला सरावले पाहिजेत म्हणे. वहिनी, म्हणजे मास्तरांच्या पत्नी, केर काढताना म्हणायच्या, "पाय वर घ्या, गिर्यारोहक." ते आज्ञाधारकपणे दोन्ही बूट वर घ्यायचे. सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरून आमच्या जिन्याचे रोज तीन फेरे व्हायचे.

एका रविवारी ते ट्रेकवाल्यांचा फॉर्म घेऊन माझ्याकडे आले. "माझं अक्षर म्हणजे ग्रीसचे डाग. तुम्हीच भरा." नाव, वय, उंची, वजन झालं. मग आजारांची यादी आली. दमा? नाही. मधुमेह? नाही. रक्तदाब?

मास्तर माझ्या पंख्याकडे बघत होते. "आवाज येतोय याला. तेल द्यायला हवं."

"मास्तर, रक्तदाब."

"नाही लिहा."

दोनच महिन्यांपूर्वी औषधाच्या दुकानात आम्ही शेजारी-शेजारी उभे होतो. माझ्या आणि त्यांच्या हातात एकाच गोळीची पाकिटं होती, आणि ती गोळी कशाची हे मला चांगलं ठाऊक होतं. तरी मी 'नाही' लिहिलं. चांगल्या, वळणदार अक्षरात लिहिलं. माणूस इतका खुशीत असताना आपण कशाला मोडता घाला, असं मनात आलं असणार. त्यांनी खाली सही केली आणि फॉर्म पाठवून दिला.

त्यानंतर माझी झोप गेली म्हणणार नाही, पण जिन्यात बुटांचा आवाज आला की मी टीव्ही बारीक करून मजले मोजायला लागलो. चौथा, पाचवा, आणि मग माझा सहावा. एके दिवशी आवाज पाचव्याच्या पुढे आलाच नाही. बाहेर जाऊन पाहिलं तर मास्तर मधल्या पायरीवर सॅकला टेकून बसलेले, एक हात कपाळावर.

"काय झालं?"

"काही नाही. लेस बांधतोय."

दोन्ही लेस व्यवस्थित बांधलेल्या होत्या. मी पाणी आणलं. ते थोडं प्यायले आणि म्हणाले, "डोकं जरा ठणकतंय. हिला सांगू नका."

मी 'बरं' म्हणालो, आणि संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. सांगण्याची वेळच आली नाही. वहिनींनी टेबलावर गोळ्यांचं पाकीट ठेवलं होतं आणि मास्तर पुढ्यात गुन्हेगारासारखे बसले होते. पायांत बूट होतेच.

"बसा भावजी, बरे आलात," वहिनी म्हणाल्या. "मागल्या महिन्यात यात सात गोळ्या होत्या. आजही सातच आहेत. विचारा यांना."

मास्तर खालच्या आवाजात म्हणाले, "सवय करत होतो."

"कसली?"

"गोळीशिवाय राहायची. तिकडे एकाच तंबूत चौघं असतात. कुणी घेताना बघितलं तर परत पाठवतील."

एखादा माणूस थंडीची सवय करतो, चढाची करतो. या गृहस्थांनी वहीत आखून औषध सोडायची सवय चालवली होती. मला हसूही येईना.

वहिनी उठल्या. वहीत घडी घालून ठेवलेली फॉर्मची प्रत त्यांनी काढली आणि मास्तरांपुढे उलगडून ठेवली. 'रक्तदाब : नाही' यावर बोट ठेवलं. मग ते बोट सावकाश खाली नेलं.

"ही सही कुणाची?"

मास्तरांनी बराच वेळ कागदाकडे पाहिलं. दोराच्या तुटक्या तारांकडे बघत होते, अगदी तसंच. मग वाकून बुटांच्या लेस सोडायला लागले.

"आणि अक्षर तुमचं, भावजी," वहिनी माझ्याकडे न बघता म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंकडे मी बरोबर गेलो. वरचा आकडा एकशे ऐंशीच्या पुढे होता. बाईंनी दुसऱ्या हाताचा घेऊन बघितला, तोही तसाच. त्या रागावल्या नाहीत, याचीच मला जास्त भीती वाटली. "असेच गेला असतात तर?" एवढंच म्हणाल्या. गोळी पुन्हा सुरू, सॅक बंद, या मोसमात डोंगर नाही. पुढच्या मोसमात? ते सांगता येत नाही.

बाहेर पडल्यावर मास्तरांनी दवाखान्याच्या पायरीवरूनच ट्रेकवाल्यांना फोन लावला. "फॉर्मवर मी खोटं लिहिलं होतं," ते म्हणाले. 'लिहवून घेतलं होतं' असं म्हणाले नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. पलीकडून काय उत्तर आलं कळलं नाही. मास्तर "हो, हो, बरोबर आहे तुमचं" म्हणत राहिले आणि फोन ठेवल्यावर थोडा वेळ खिशातली टॉर्च उगाच लावत-विझवत उभे राहिले.

त्यांची तुकडी ज्या दिवशी निघाली त्या दिवशी ते आमच्या गच्चीवरच्या मशीन रूममध्ये होते. काम अर्ध्या तासाचं होतं, खाली उतरले दुपारी. सेक्रेटरी भेटले, म्हणाले, "काय मास्तर, डोंगर रद्द?" मास्तर म्हणाले, "दुरुस्तीसाठी बंद." सेक्रेटरी हसले. मास्तर हसले नाहीत.

परवा लिफ्टमध्ये भेटले. कार्डावर ताजी सही होती. मी सहा दाबला, त्यांनी चार.

"चौथ्यावर काय काम?"

"काम नाही. चार ते सहा चालत जायचंय. डॉक्टरबाईंनी दोन मजले दिलेत. सावकाश, सॅकशिवाय."

चौथ्यावर दार उघडलं. ते बाहेर पडले, पायांत तेच बूट. मीही त्यांच्यामागून उतरलो. पाचव्यावर थांबून त्यांनी मनगटावर दोन बोटं ठेवली, घड्याळाकडे बघत पुटपुटत नाडी मोजली, आणि मग पुढची पायरी घेतली.